पडवीतला काडतुसांचा डबा

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शेरिफच्या कचेरीतला फोन वाजला, तेव्हा तिथे डेप्युटी हेल्मी मॅटिला एकटीच होती.

हरणांच्या शिकारीच्या मोसमाचा पहिला दिवस. पंधरा नोव्हेंबरला या भागात शाळा बंद, गॅरेज बंद, आणि खुद्द शेरिफ वॉलेस रानात मचाणावर. कचेरी सांभाळायला कुणी राजी नसायचं. हेल्मी गेली दोन वर्षं आपणहून बसत होती. नवरा गेल्यापासून शिकारीच्या कॅम्पात जाण्यासारखं तिला काही उरलं नव्हतं.

"हेल्मी, मी लिओना बोलतेय. उर्होकडे ये गं लवकर. तो दुकानात पडलाय. पार गार झालाय."

हेल्मीने टोपी घातली आणि गाडी काढली. रस्त्यावर एकही वाहन नव्हतं. रात्रभर पडलेल्या बर्फावर तिच्याच चाकांचा माग उमटत होता.

उर्हो सारेला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. घरामागच्या दुकानात बंदुका दुरुस्त करायचा. पण गावात त्याची ओळख वेगळीच होती. चाळीस वर्षं त्याने इथल्या प्रत्येक पोराला शिकारीआधीचा सुरक्षेचा वर्ग शिकवला होता. त्याचा सगळा वर्ग तीन शब्दांत मावायचा: उघड, बघ, बोट घाल. बंदूक उघडायची, आत बघायचं, आणि डोळ्यांवर विसंबून न राहता काडतुसाच्या घरात बोट घालून खात्री करायची. हेल्मी बारा वर्षांची असताना तिचं बोट तेलाने काळं होईस्तोवर त्याने तिच्याकडून हे करून घेतलं होतं.

दर रविवारी ती त्याच्याकडे कॉफीला जायची. या रविवारी मात्र गेली नव्हती. कारण काहीच नव्हतं, नुसता कंटाळा. संध्याकाळी त्याने फोनवर निरोप ठेवला होता, "आली नाहीस. वेलदोड्याचा पाव वाळतोय." तिने उलट फोन केला नव्हता.

दुकानाच्या पडवीत लिओना ड्यूप्रे बाकावर बसली होती. रस्त्यापलीकडची शेजारीण, सत्तरी उलटलेली. मांडीवर पॅस्टीची, म्हणजे मांस भरलेल्या करंज्यांची, टोपली तशीच. थोडं बाजूला, खांबाला टेकून, गॉर्डी पास्को उभा होता. पन्नाशीचा दांडगा गडी, रस्त्यांच्या खात्यात बर्फ काढायचा नांगर चालवणारा. उर्होचे गुडघे गेल्यापासून सुरक्षेचा वर्ग तोच घेत होता. हेल्मीच्याच वर्गातला. तिला बघून त्याने टोपी काढली आणि मान खाली घातली.

हेल्मी आत गेली.

रायफल कामाच्या बाकावरच्या व्हाइसमध्ये, लोखंडी शिकंज्यात, आडवी आवळलेली होती. नवी कोरी, पण जुन्या लष्करी रायफलीच्या धाटणीची. नळीच्या तोंडावर कारखान्यातच बसवलेला छिद्राछिद्रांचा लोखंडी ब्रेक. त्याने खांद्याला बसणारा धक्का कमी होतो, पण शेजारी उभ्या असलेल्याच्या कानाचे पडदे फाटायची पाळी येते. नळीच्या तोंडासमोर, दोन हातांवर, उर्हो उताणा पडला होता. छातीत गोळी. उजव्या हाताजवळ मोठा पाना. बाकावर गॅसचा टॉर्च. ब्रेक तापवल्याने निळा-जांभळा झालेला.

कुणीही बघून सांगितलं असतं. म्हातारा ब्रेक काढत होता. तापवला, पाना लावला, जोर केला, आणि आत राहिलेलं काडतूस उडालं.

हेल्मीने टोपी काढली. तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. उर्हो आणि नळीच्या तोंडासमोर?

शेगडी विझलेली होती. तिच्यावर निळी इनॅमलची किटली. हेल्मीने झाकण उचललं. आत राखाडी पाणी, तळाशी पिठासारखा पांढरा गाळ. कॉफीचा वास नाही.

मग ती वाकून नळीकडे बघत राहिली. ब्रेकच्या वर तीन बोटांवर नळीभोवती एक पुसट पांढरी रेघ होती, भांड्यात पाणी आटल्यावर उमटते तशी. ब्रेकच्या बाजूने ती रेघ करपून तपकिरी झाली होती. पानाही तिने निरखला. त्याच्या दातांवर जुनं तेल होतं, ब्रेकवर मात्र दातांची एकही खूण नव्हती.

तिने फोटो काढले. व्हाइस सैल करून रायफल हातमोज्यांनी उचलली. काडतूस आत ढकलणारा दांडा, बोल्ट, जागेवर होता. मॅगझीन लावलेलं होतं, आत चार जिवंत काडतुसं. काडतुसाच्या घरात एक उडालेलं.

स्वयंपाकघरात टेबलावर दोन कप होते. धुतलेले, पुसलेले, उपडे घातलेले.

पडवीत येऊन तिने वही काढली.

"लिओना, तुम्ही किती वाजता आलात?"

"सातला. पहिल्या दिवशी मी त्याला पॅस्टी देते, दरवर्षी. बघते तर धुराड्यातून धूर नाही."

"काल काही ऐकलंत?"

"सव्वापाचला एक बार ऐकला. पण मोसमाच्या आदल्या दिवशी बार कोण मोजतं? अख्खा गाव नेम तपासत असतो."

"बर्फ कधी सुरू झाला?"

"सहाला. बातम्या लागल्या तेव्हा."

"टेबलावरचे कप तुम्ही धुतलेत?"

"मी कशाला धुवू? आणि त्याचे कप टेबलावर कधीच नसतात. मोरीवरच्या फळीत ओलेच ठेवायचा. कप पुसणारा माणूस आळशी असतो म्हणे, कारण तो सुकायची वाट बघत नाही." तिने नाक पुसलं. "कसलंही तत्त्वज्ञान सांगायचा मेला."

"गॉर्डी कधी आला?"

"मी तुला फोन केला, बाहेर येऊन इथे बसले, आणि याचा ट्रक आला. आत यायला धजेना बिचारा. पडवीतच घुटमळत राहिला. मीच म्हटलं, नको जाऊस आत."

हेल्मी गॉर्डीकडे वळली. "रायफल तुझी?"

"माझी. शनिवारी दिली होती. तो ब्रेक नको होता मला. माझ्या म्हाताऱ्याच्या कानात यंत्र आहे, कॅम्पात तो शेजारी बसतो."

"शनिवारनंतर इथे आलास?"

"नाही. काल सामान बांधत घरीच होतो. आज जाता जाता घेऊन जाईन म्हटलं." त्याने हातातली टोपी चुरगळली. "हेल्मी, मी त्याला म्हटलं होतं गं, घाई नाही. त्याचे हात आता पूर्वीसारखे राहिले नव्हते. वर्गात पोरांना काय सांगू मी आता?"

"काय सांगणार?"

"खरं ते सांगावं लागेल. की उर्हो सारेलासुद्धा एकदा विसरला."

हेल्मीने वही मिटली. हे वाक्य महिनाभरात प्रत्येक खानावळीत, प्रत्येक सॉनाच्या वाफेत बोललं जाणार होतं. चाळीस वर्षांचं सगळं त्या एका वाक्याखाली गाडलं जाणार होतं. आणि उर्होची बाजू घ्यायला मागे ना बायको होती ना मूल.

मचाणावरच्या शेरिफला फोन लागायला चार वेळा प्रयत्न करावा लागला.

"अपघात आहे," वॉलेस कुजबुजला. "वाईट झालं. लिहून टाक."

"शेरिफ, मला आजचा दिवस द्या."

"हेल्मी, म्हातारा होता. म्हातारी माणसं विसरतात. आणि हळू बोल, माझ्यासमोर मादी उभी आहे."

"संध्याकाळपर्यंत."

"बरं, बरं! गेली बघ ती तुझ्यापायी."

उर्होचा एकुलता नातेवाईक म्हणजे पुतण्या डॅरेल. काकाची जमीन विकायची म्हणून त्याने उन्हाळ्यात गावभर आदळआपट केली होती. त्याचा कॅम्प अर्ध्या तासावर होता. हेल्मी पोचली तेव्हा तो चुलीवर डुकराचं मांस परतत होता. ऐकून त्याने तवा खाली ठेवला.

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"इथेच. सहाजण आहोत, विचार कुणालाही. दुपारी तीनपासून पत्ते चाललेत."

"काकाशी भांडण होतं ना?"

"होतं. म्हणून काय मी त्याला..." त्याने हात झटकला. "तू म्हणतेस, बोल्ट रायफलीत होता?"

"होता. बार झालाय म्हणजे असणारच."

"मग काहीतरी गडबड आहे. अगं, दुकानात रायफल आली की काका पहिल्यांदा बोल्ट काढायचा आणि घरात कॉफीच्या डब्यात ठेवायचा. काम संपेस्तोवर बोल्ट घरात आणि रायफल दुकानात. गिऱ्हाईक आलं की त्याला कॉफी पाजायची, आणि मग बोल्ट त्याच्या हातात. दुसऱ्या कुणाच्या नाही. माझी रायफल मी एकदा मित्राला आणायला पाठवलं, तर बोल्टाशिवाय दिली त्याने! वीस मैल परत यावं लागलं मला."

हेल्मीला हे माहीत होतं. इतकं माहीत होतं की सकाळी डोक्यातच आलं नव्हतं.

परतताना तिने रायफल बनवणाऱ्या कारखान्याला फोन लावला. पलीकडून एका तरुण बाईचा आवाज आला.

"तो ब्रेक कसा काढायचा? तापवू नका हं. आम्ही आट्यांमध्ये जो मसाला भरतो तो आगीला दाद देत नाही. सगळे टॉर्च घेऊन बसतात आणि फसतात. तो फक्त पाण्याला सैल होतो. गरम पाण्यात भिजत ठेवा, पांढरा गाळ सुटेल." ती जराशी हसली. "परवा, सोमवारी, तुमच्याच भागातून एका आजोबांनी हेच विचारलं. पाऊण तास बोलत होते. वेलदोड्याच्या पावाची कृती सांगितली मला. जमला का त्यांना ब्रेक काढायला?"

"जमला असावा," हेल्मी म्हणाली आणि फोन ठेवला. तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. सोमवारी त्याला बोलायला कुणीतरी हवं होतं, आणि त्याने कारखान्यातल्या अनोळखी पोरीला पाऊण तास धरून ठेवलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

मग ती पुन्हा उर्होच्या दुकानाशी गेली.

पडवीच्या बाकाला लागून लाकडी फळीवर एक जुना पत्र्याचा डबा होता. त्याच्यावर भिंतीला पाटी: 'काडतुसं इथे. मग आत.' उर्होच्या दुकानात जिवंत काडतूस नेलं, तर तुमचा बाप असला तरी तो बाहेर काढायचा. डब्याच्या झाकणावर वाऱ्याने आत आलेला चार बोटं बर्फ साचला होता, कुणाचाही हात न लागलेला.

हेल्मीने बर्फाचा फोटो काढला. मग झाकण उघडलं.

आत एक मॅगझीन होतं. त्यात तीन काडतुसं, टोकं नारिंगी रंगवलेली. हलवली तर आतून दारूचा आवाज नाही. खोटी काडतुसं.

दुपारी तीन वाजता गॉर्डी जबाबावर सही करायला कचेरीत आला. हेल्मीने त्याला खुर्ची दिली, कॉफी दिली. टेबलावर रायफल ठेवलेली होती, बोल्ट काढलेला, काडतुसाचं घर रिकामं.

"एवढं वाचून सही करतोस? शनिवारनंतर तू उर्होकडे गेला नाहीस."

"नाही गेलो." त्याने सही केली.

"काल सव्वापाचला तू घरी होतास."

"होतो म्हटलं ना."

"मग मी तुला एक गोष्ट दाखवते."

तिने हातमोजा घातला. दोन बोटांनी ब्रेक धरला आणि फिरवला. तो मुरंब्याच्या बरणीचं झाकण निघावं तसा निघाला. गॉर्डी बघतच राहिला.

"पाना नको, टॉर्च नको," हेल्मी म्हणाली. "उर्होने सोमवारी कारखान्याला फोन केला. तिथल्या बाईने सांगितलं, हा मसाला आगीला जुमानत नाही, पाण्याला सुटतो. त्याने नळीचं तोंड निळ्या किटलीत भिजत घातलं. मसाला सुटून तळाशी बसला, नळीवर पाण्याची रेघ उमटली. ती रेघ नंतर करपली. म्हणजे आधी पाणी, मग आग. आणि काम आधीच झालेलं असताना तापवेल कोण? ज्याला काम झालंय हे माहीत नव्हतं तो. ब्रेक तापल्यावर त्याला हात लावता येईना, म्हणून तो सैल आहे हे त्याला कळलंच नाही. पाना नुसता खाली ठेवला त्याने."

"कुणी?"

"बोल्ट रायफलीत होता, गॉर्डी. उर्हो बोल्ट मालकाच्या हातात द्यायचा, कॉफी झाल्यावर. दोन कप होते. मालक तू."

"कुणीही डब्यातून बोल्ट काढून—"

"आणि मॅगझीन? ते शनिवारी तू रायफलीबरोबर दिलं असतंस तरी भरलेलं आत गेलं नसतं. काडतुसं डब्यात, मग आत. तू नियम पाळलास. काल संध्याकाळी तुझ्या खिशात दोन मॅगझीनं होती. एक आजच्या शिकारीचं. दुसरं वर्गातलं, खोट्या काडतुसांचं. खरं समजून एक डब्यात टाकलंस, खोटं समजून दुसरं घेऊन आत गेलास."

तिने नारिंगी टोकांची तीन काडतुसं टेबलावर ओळीने उभी केली.

"नांगराच्या रंगातून उरलेला रंग. ही तू स्वतः रंगवलीस. सोमवारी संध्याकाळी मोसमाचा शेवटचा वर्ग होता. मी कायद्याबद्दल दहा मिनिटं बोलायला आले होते, तेव्हा पोरं हीच हाताळत होती. म्हणजे शनिवारी ही त्या डब्यात पडली नाहीत. डब्यावरचा बर्फ काल सहा वाजता पडायला लागला आणि त्याला आजपर्यंत कुणी हात लावला नव्हता. तेव्हा ही सोमवार संध्याकाळ ते मंगळवार सहा, याच्या मध्ये तिथे गेली. काल घाबरून विसरलेली तीच न्यायला तू आज सकाळी आलास. पण बाकावर लिओना बसली होती."

गॉर्डी खुर्चीत मागे सरकला. त्याने कप खाली ठेवला.

"मला एवढंच कळलं नाही," हेल्मी म्हणाली, "की उर्हो नळीसमोर का उभा होता."

गॉर्डीने एक काडतूस बोटाने आडवं पाडलं. मग बोलला तो त्या तीन काडतुसांकडे बघत.

"गंमत दाखवणार होता. म्हणाला, बघ, पोरा, दोन बोटांनी काढतो. रायफल व्हाइसमध्ये होती. बोल्ट माझ्या हातात दिलेला. तो पुढे गेला, चष्मा शोधत होता. मी म्हटलं, तोवर बोल्ट नीट सरकतो का बघू. मॅगझीन लावलं, बोल्ट पुढे ढकलला. खोटी आहेत असंच वाटत होतं मला. अंधारून आलं होतं, हेल्मी. वर्गात शंभर वेळा करतो मी हे, खोटी लावायची, घोडा ओढून दाखवायचा. बोट आपोआप गेलं."

"आणि उर्हो?"

"त्याने आवाज ऐकला बोल्टाचा. वळला. म्हणाला, 'थांब. बोट—'" गॉर्डीने तोंडावर हात घेतला. "तेवढंच म्हणाला."

हेल्मी खिडकीकडे वळली. बाहेर पार्किंगमध्ये दोनच गाड्या होत्या.

"अपघात होता, गॉर्डी. काल फोन केला असतास तर मी तो अपघात म्हणूनच लिहिला असता. तुझ्या शेजारी बसले असते."

"मी वर्ग घेतो! मी! पोरांचे आईबाप काय म्हणाले असते? माझा बाप काय म्हणाला असता?"

"म्हणून तू ते त्याच्यावर ढकललंस."

"तो तर गेला होता. लगेच गेला गं. त्याला काय फरक पडणार होता?"

"लगेच गेला? तू नाडी बघितलीस?"

गॉर्डीने तोंड फिरवलं.

"टॉर्च पेटवलास. कप धुतलेस, पुसलेस. ब्रेक निळा होईस्तोवर उभा राहिलास. एवढ्या वेळात तू एकदा तरी त्याच्याजवळ बसलास?"

गॉर्डीने मान हलवली. नाही. मग तो दांडगा माणूस टेबलावर डोकं टेकून रडायला लागला. हेल्मीला त्याची दया आली, आणि ती आली याचाही तिला राग आला.

"माफ केलं असतं त्याने मला," तो म्हणाला.

"केलं असतं. आणि मग महिनाभर रोज तुझं बोट काळं करवलं असतं."

तिने त्याला नवा कागद दिला. त्याने दोन पानं लिहिली. खाली सही केली. तिने त्याला मागच्या कोठडीत नेलं, पांघरूण दिलं, आणि त्याच्या वडिलांना फोन केला. म्हाताऱ्याला नीट ऐकू येत नव्हतं. तिला तीनदा सांगावं लागलं.

शेरिफला फोन पहिल्याच झटक्यात लागला.

"अपघातच होता," हेल्मी म्हणाली. "पण उर्होचा नव्हे. गॉर्डीचा. कबुली दिलीय त्याने."

वॉलेस म्हणाला, "मी खाली उतरतो."

"उतरा. आणि कॅम्पात सगळ्यांना सांगा. आजच सांगा. उर्हो विसरला नव्हता. शेवटचा शब्दसुद्धा वर्गातलाच होता त्याचा."

तिने अहवाल लिहिला. बाहेर पुन्हा बर्फ पडायला लागला होता. फोनवर रविवारचा निरोप अजून होता. तिने तो लावला, ऐकला, पुसायचं बटण दाबायला गेली आणि दाबलं नाही.

मग कमरेचं पिस्तूल कपाटात ठेवण्यासाठी तिने बाहेर काढलं. मॅगझीन काढून बाजूला ठेवलं, घर उघडलं, आतलं काडतूस टेबलावर पडलं. तिने दिव्याखाली धरून आत बघितलं. रिकामं होतं.

कचेरीत बघायला कुणी नव्हतं. तिने आत करंगळी घातली.